ब्लॉक आयलंड: समुद्रातल्या पाच पवनचक्क्या बघायला जाताना

ब्लॉक आयलंडला जायचं ठरलं ते बाबांमुळे. त्यांचा सगळा जन्म डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. अमेरिकेत आल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला, की ज्या बेटाने आपली इंजिनं बंद केली ते बेट बघायचं. ऱ्होड आयलंड राज्याच्या किनाऱ्यापलीकडची ही हजारेक माणसांची वस्ती. डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतला पहिला व्यावसायिक सागरी पवनऊर्जा प्रकल्प इथेच सुरू झाला.

पॉइंट जुडिथहून साधी बोट तासाभरात पोचवते. गाडी नेऊ नका. बोटीवर गाडीसाठी जागा फार आधी राखावी लागते आणि बेट एवढंसं आहे की सायकलवर भागतं. सोबत वडीलधारं कुणी असेल तर टॅक्सी करा.

आम्ही सकाळीच दक्षिणेकडच्या मोहेगन कड्यांवर गेलो, ते चुकलं. चक्क्या आग्नेयेला, ऊन थेट डोळ्यांत, त्यामुळे पाच काळ्या काड्या तेवढ्या दिसल्या. दुपारी तीननंतर परत गेलो तेव्हा ऊन पाठीशी होतं आणि पाती लख्ख पांढरी. उन्हाळ्यात दुपारी वाराही चढतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला धुकं फार असतं, तेव्हा एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. कड्यावरून खाली किनाऱ्यावर जायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत आणि शेवटी नुसते दगडगोटे. बाबा वरच थांबले. चक्क्या वरूनच चांगल्या दिसतात.

कड्यावरून त्यांचा आवाज अजिबात येत नाही, फक्त लाटांचा येतो. पाती संथ वाटतात, म्हणून घड्याळ लावून मोजलं, तर मिनिटाला नऊ फेरे. चक्राचा व्यास १५० मीटर, म्हणजे पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरने धावत होतं! बाबांनी हिशेब दोनदा तपासला.

खरा आकार मात्र होडीतूनच कळतो. चक्क्या किनाऱ्यापासून पाचेक किलोमीटरवर आहेत. मासेमारीला नेणारी होडी ठरवा, पोट हलकं ठेवा, वाऱ्याचं जॅकेट घ्या. जवळ गेल्यावर पिवळे पोलादी पाय दिसतात, पाण्याच्या रेषेवर शिंपल्यांचा काळा थर. त्या दिवशी दोन होड्या तिथेच गळ टाकून उभ्या होत्या.

सगळं सुरळीत झालं असंही नाही. वीज आणणारी केबल एका किनाऱ्यावर वाळूतून उघडी पडली आणि पुन्हा खोल पुरावी लागली. मला हे गंभीर वाटतं. वाळू सरकते हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक असतं.

गावातलं जुनं वीजकेंद्र मात्र चुकवू नका, रस्त्यावरून बघितलं तरी पुरे. आधी वर्षाला जवळजवळ दहा लाख गॅलन डिझेल जळायचं. १ मे २०१७ रोजी ती इंजिनं थांबली, आता अडीअडचणीपुरती आहेत. बाबा कुंपणापाशी दहा मिनिटं कान देऊन उभे राहिले. मग म्हणाले, “इथं शेजारी राहणाऱ्यांना पहिल्या रात्री झोप लागली नसेल रे, एवढं शांत.”

परतीच्या बोटीत मागच्या डेकवर जागा धरा. बोट उत्तरेला वळते तेव्हा चक्क्या मागे राहतात, आणि हवा स्वच्छ असेल तर बऱ्याच वेळापर्यंत दिसत राहतात.