ओव्हरस्प्रे, पुढची नोंद: इमल्शन निघाले, ऑइल पेंट अडून बसला

आमच्या इमारतीच्या बी विंगचे रंगकाम सुरू आहे आणि त्याचे उडालेले तुषार, म्हणजे ओव्हरस्प्रे, माझ्या गाडीवर चिकटले आहेत. मागील नोंदीनंतर टपावरचा आणि बॉनेटवरचा ओव्हरस्प्रे जवळजवळ पूर्ण निघाला आहे. डावे मागचे दार मात्र होते तसेच आहे आणि या नोंदीतील बहुतेक जागा तेच घेणार आहे.

आधी जे जमले ते सांगतो. ऐरोलीत दुपारनंतर वारा खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो, आणि आमचे पार्किंग बी विंगच्या पूर्वेला असल्याने एअरलेस मशिनने मारलेल्या इमल्शनचे तुषार थेट गाड्यांवर उतरतात. त्यांतले बरेचसे थेंब हवेतच अर्धवट सुकून पत्र्याला वरवर चिकटलेले होते, त्यामुळे शॅम्पूच्या पाण्याने पृष्ठभाग ओला ठेवून फाइन क्ले (पत्र्याला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी, म्हणजे क्ले बार) सरळ रेषेत फिरवताच ते सुटले. जे थेंब ओलेच पडले होते, त्यांना निम्मे पाणी घातलेले आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुरले, कारण सुकलेले ॲक्रिलिक इमल्शन पाण्याला दाद देत नसले तरी अल्कोहोलने मऊ पडते. पातळ पिशवी हातात घालून टप चाचपला, तेव्हा पूर्वी सँडपेपरसारखा लागणारा तोच पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट कुठेही न अडखळता गुळगुळीत लागला. हे सुख आपल्या छंदाबाहेरच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. काचांचे काम साबणाचे पाणी आणि नवे ब्लेड यांनी झाले. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

डाव्या बाजूचे तपकिरी ठिपके वेगळ्या जातीचे आहेत. ते खिडक्यांच्या ग्रिलला स्प्रे-गनने मारलेल्या ऑइल पेंटचे, म्हणजे सिंथेटिक एनॅमलचे आहेत. हा रंग केवळ द्रावक उडून जाऊन सुकत नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन तो आतून जुळत जातो आणि पुढचे अनेक दिवस कठीण होत राहतो. ताजा असताना जो टर्पेंटाइनने पुसला गेला असता, तोच आता टर्पेंटाइनला ओळखही दाखवत नाही. रंगाऱ्यांनी तर थेट एनसी थिनरचे, म्हणजे अतिशय तीव्र द्रावकाचे, बोळे फिरवण्याचा सल्ला दिला. कारखान्यात सुमारे 140 अंशांना भाजलेला मूळ रंग कदाचित तेही थोडा वेळ सोसेल, पण शेजारच्या टेललॅम्पचे प्लॅस्टिक सोसणार नाही, त्यामुळे तो मार्ग मी विचारातच घेतला नाही.

पुढच्या दारावर आणि क्वार्टर पॅनलवर जो तोडगा निघाला तो असा. टिश्यूची घडी टार रिमूव्हरमध्ये (डांबराचे डाग काढणाऱ्या द्रवात) भिजवून ठिपक्यांवर दोनेक मिनिटे ठेवायची. एनॅमल विरघळत नाही, पण किंचित फुगते आणि त्याची खालची पकड सैल होते. लगेच शॅम्पूने ती जागा धुऊन, भरपूर ल्यूब (क्ले घसरावी म्हणून मारायचा द्रव) मारून मीडियम क्ले फिरवली की ठिपके एकेक करून सुटतात. हे सर्व सावलीत आणि पत्रा गार असतानाच करायचे. टार रिमूव्हर वागळे इस्टेटमध्ये सुट्या बाटलीतही स्वस्त मिळतो, परंतु ज्याच्या लेबलावर घटक लिहिलेले नाहीत असा द्रव माझ्या गाडीला लागणार नाही. क्ले मिटबद्दलही (क्लेसारखा थर असलेल्या हातमोज्याबद्दल) माझे मत बदललेले नाही: काम झपाट्याने होते, पण त्यात खडा अडकला तर तो कळेपर्यंत अख्ख्या दारावर ओरखडे उठलेले असतात. बारची घडी घालून स्वच्छ बाजू वर आणता येते, आणि बार जमिनीवर पडलाच तर मुकाट्याने फेकून देता येतो.

हीच पद्धत मागच्या दारावर वापरण्यापूर्वी दाराच्या आतल्या कडेवर पांढऱ्या फडक्याने चाचणी घेतली, तर फडक्यावर गाडीचाच निळा रंग उतरला. रंगाच्या थराची जाडी मोजणाऱ्या गेजने मापले तेव्हा उलगडा झाला: बाकीचा पत्रा 110 ते 130 मायक्रॉनच्या दरम्यान आहे आणि हे दार 300 च्या वर. म्हणजे आधीच्या मालकाने ते रंगवून घेतले आहे, आणि तेही रंग पक्का करणारे हार्डनर नसलेल्या, वर पारदर्शक क्लिअर कोट नसलेल्या रंगाने. जे द्रव एनॅमलला फुगवते तेच खालच्या रंगालाही विरघळवते, त्यामुळे द्रावकांचा मार्ग इथे बंद झाला. नुसत्या मीडियम क्लेने ठिपक्यांची टोके बोथट झाली, पण बुडखे राहिले आणि भोवती पुसट ओरखड्यांची जाळी उमटली.

यावर 3000 ग्रिटच्या कागदाने ओले घासावे, असे मी ठरवले होते. परंतु हे लिहीत असतानाच लक्षात येते आहे की, दारावर केलेले सगळे काम दुपारी उशिरा झाले होते. मे महिन्यातल्या उकाड्यात क्ले इतकी लिबलिबीत होते की ती ठिपका कापण्याऐवजी त्याच्यावरून वाकून पुढे जाते. तीच क्ले गार पाण्याच्या भांड्यात ठेवून, घट्ट असतानाच लहान तुकड्यांनी वापरली, तर बुडखेही कापले जायला हवेत. जे तरीही राहतील त्यांना टॉर्चच्या तिरक्या उजेडात प्लॅस्टिकच्या ब्लेडने एकेक करून उचलता येईल. घासकागद त्यामुळे तूर्त कपाटात परत गेला आहे.

त्याबरोबर पुढचा क्रमही बदलतो. बी विंगचे ग्रिल अजून पूर्ण रंगलेले नाहीत, तेव्हा संपूर्ण गाडीवर डीए (पॉलिशचे यंत्र) फिरवून फिनिशिंग पॉलिश करणे आता व्यर्थ आहे. ते काम परांची उतरल्यानंतर होईल. तोपर्यंत धुतलेल्या गाडीवरच कव्हर घालायचे, कारण धुळीवर घातलेले कव्हर वाऱ्याने फडफडून स्वतःच ओरखडे पाडते. वायपरखालच्या खरबरीत काळ्या प्लॅस्टिकच्या कणीत इमल्शन अजून बसलेले आहे. तिथे आयपीए आणि मऊ टूथब्रश यांनी सुरुवात झाली आहे. दाराचे काम रविवारी सकाळी, ऊन पार्किंगमध्ये येण्यापूर्वी सुरू करतो.