बीएसपीचा जांभळा रंग मोजताना

खानापूरहून रोज सकाळच्या बसनं बेळगावच्या प्रयोगशाळेत यायचं आणि बीएसपी, म्हणजे ब्रोमसल्फोथॅलिन हे रंगद्रव्य, यकृतपेशींत किती शिरतं ते मोजायचं, हे माझं एम.एस्सी.चं काम. द्रावण बिनरंगी असतं, सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की जांभळं होतं. तो रंग ५८० नॅनोमीटरवर वाचायचा.

पूर्वी हेच रसायन यकृताच्या तपासणीसाठी शिरेतून टोचत: किलोमागे ५ मिलिग्रॅम, आणि ४५ मिनिटांनी रक्तात किती उरलं ते बघायचं. तीव्र अ‍ॅलर्जीच्या घटनांमुळे ती तपासणी मागं पडली. पेशींवरचे ओएटीपी नावाचे वाहक, म्हणजे पदार्थ आत-बाहेर नेणारी प्रथिनं, त्याला आत ओढतात, आत ग्लुटाथायोन हा छोटा रेणू त्याला जोडला जातो, मग एमआरपी२ हा दुसरा वाहक ते पित्तात सोडतो. म्हणून संशोधनात त्याला अजून मान आहे.

पहिल्या दिवशी ३७ अंशांवरच्या आणि बर्फातल्या नळ्या जवळजवळ सारख्याच जांभळ्या झाल्या. बर्फात वाहक चालत नाहीत, मग रंग कुठून आला? मी रडकुंडीला आले. मॅडम म्हणाल्या, "अगं, तो आत गेलेलाच नाही, पेशींना बाहेरून चिकटलाय. अल्ब्युमिनच्या थंड द्रावणानं धू."

बीएसपी अल्ब्युमिनला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाला, घट्ट धरतं. पेशींसोबत अल्ब्युमिन ठेवलं तर मोकळा रंग कमी उरतो आणि शोषण घटतं. पण शेवटी धुताना तेच अल्ब्युमिन चिकटलेला रंग काढून घेतं. एका प्रथिनाची ही दोन कामं मला पुस्तकातून कळली नव्हती. सेंट्रिफ्यूजपाशी अण्णा "निधान, निधान" (कानडीत 'सावकाश') म्हणत उभे राहायचे, घाईत पेशी फुटू नयेत म्हणून. पाचव्या दिवशी बर्फातल्या नळ्या फिकट निघाल्या, ३७ अंशांच्या जांभळ्या राहिल्या.

मग रिफॅम्पिसिन घातलं. ते टीबीचं औषध हे ओएटीपी वाहक अडवतं. त्याचा स्वतःचा केशरी रंग आहे, म्हणून बीएसपी नसलेली, फक्त रिफॅम्पिसिनची नळी वेगळी वाचून तिचं वाचन वजा करावं लागलं. बाबा टीबीच्या गोळ्या घेत होते तेव्हा सुरुवातीला त्यांचं बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते रक्तातलं पिवळं द्रव्य) थोडं वाढलं होतं, घरी सगळे घाबरलो होतो. बिलिरुबिनलाही यकृतात शिरायला याच कुळातले वाहक मदत करतात. रिफॅम्पिसिनची नळी स्पष्ट फिकट दिसली. ते वाचन मी वहीत लिहिलं आणि बस पकडायच्या आधी बाबांना फोन केला.