पुस्तक अजून अर्धंच झालंय, मग बोलायचं काय?

वाचनकट्ट्यावर नव्याने येणारी मंडळी दाराशीच विचारतात, ‘माझं पुस्तक अजून संपलेलं नाही, चालेल ना? आणि बोलायचं काय?’ तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. चालेल काय, तेच हवंय. पुस्तक संपवलेला माणूस निकाल सांगतो आणि निकालावर ऐकणाऱ्याला मान डोलावण्यापलीकडे काम उरत नाही. अर्ध्यावर असलेल्याकडे अंदाज असतात, शंका असतात, थोडा वैतागही असतो. त्यात दुसऱ्याला तोंड घालता येतं.

सुरुवात पत्त्याने करा. लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, आणि आपण कुठवर आलो ते. ‘140व्या पानावर आहे’ एवढं पुरत नाही, कारण आवृत्ती बदलली, टाइप बदलला की पानं सरकतात, आणि समोरच्याच्या हातात तेच पुस्तक असलं तरी त्याला तुमची जागा सापडत नाही. प्रकरण सांगा. जुन्या ग्रंथांनी ही सोय फार आधीच करून ठेवली आहे. दासबोधात 20 दशक, प्रत्येकात 10 समास. ‘दशक 2, समास 1’ म्हटलं की कुठलीही प्रत असो, सगळ्यांचं बोट एकाच जागी. ‘श्यामची आई’ वाचणाऱ्याने तर नुसती रात्र सांगावी. 42 रात्री आहेत. मोबाइलवर वाचणाऱ्यांनी टक्के सांगितले तरी हरकत नाही, पण प्रकरणाचं नाव जोडा. ‘37 टक्के झालंय’ हे वाक्य बॅटरीबद्दल असल्यासारखं वाटतं.

दासबोधाचा विषय निघालाच आहे तर अर्ध्यावरच्या वाचकाची नेहमीची चूक तिथेच दाखवता येते. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. तो वाचून कुणी ठामपणे म्हणालं की समर्थांचा सगळा रोख अडाण्यांवर आहे, तर तेवढ्या वाचनापुरतं ते पटण्यासारखं वाटेल. पण त्याच दशकाचा दहावा समास पढतमूर्खाचा आहे, म्हणजे शिकून-सवरून मूर्ख राहिलेल्याचा. मधले आठ समास वाचायचे राहिले आणि मत मात्र तयार! म्हणून अर्ध्यावर असताना ‘लेखकाला असं म्हणायचंय’ हे वाक्य टाळावं. ‘इथवर मला असं दिसतंय’ म्हणावं. हा नम्रपणाचा भाग नाही. मत कुठल्या जागेवरून दिलंय हे ऐकणाऱ्याला कळलं, तर पुढे गेलेला माणूस तुम्हाला नेमकं थांबवू शकतो.

मग उतारा. एकच, अर्ध्या पानाचा. नेहमीच्या आकाराच्या पुस्तकाचं एक भरगच्च पान मोठ्याने, नीट थांबत वाचायला दोन-अडीच मिनिटं लागतात. प्रत्येकाला पाच मिनिटं असतील तर पूर्ण पानात निम्मा वेळ गेलाच. उतारा घरी एकदा मोठ्याने वाचून या. मनात वाचताना लांब वाक्यं त्रास देत नाहीत, तोंडाने वाचताना दम कुठे घ्यायचा तेच कळत नाही. सुंदर उतारा शोधायचा हट्ट नको. जिथे अडलात, दोनदा वाचावं लागलं, तो उतारा बहुतेक वेळा जास्त चालतो. मात्र अनुवादित पुस्तकात वाक्य अडखळलं तर लगेच लेखकाला दोष देऊ नका. अडखळण मूळची की मराठीत येताना झालेली, हा प्रश्न कट्ट्यावर टाका. मूळ भाषा जाणणारं कुणी असलं तर पुढची दहा मिनिटं मजेत जातात.

खुणेसाठी पान दुमडू नका. वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलही नको. चिकटणारे रंगीत कागद नव्या पुस्तकात ठीक, पण जुन्या, पिवळ्या पडलेल्या कागदावरून ते काढताना वरचा पापुद्रा अक्षरांसकट निघू शकतो. साध्या कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या पुरतात. चार-पाचच ठेवा, वीस पट्ट्या लावल्या की ऐन वेळी हवी ती सापडत नाही.

बिघडतं ते बहुतेक एकाच गोष्टीने: कथानक. ‘मग तो गावी जातो, मग तिथे त्याला...’ हे सुरू झालं की पाच मिनिटं संपतात आणि पुस्तकाबद्दल काहीच बोललं गेलेलं नसतं. कथानक तीन वाक्यांत बसवा, रहस्यकथा असेल तर एकात. मलपृष्ठावरचा मजकूर वाचून दाखवणं त्याहून वाईट. तो खपासाठी लिहिलेला असतो. ‘खिळवून ठेवतं’, ‘अंतर्मुख करतं’ हे शब्दही तिथूनच तोंडात येतात. नेमकं कशाने खिळलात ते सांगा.

आठ-दहा जण पुरेत. दहा जणांचे पाच-पाच मिनिटं म्हणजे पन्नास, वर गप्पांना अर्धा तास. पंधरा झाले की दोन गट करावेत, नाहीतर शेवटच्या तिघांची पाळी येते तेव्हा लोक चपला शोधत असतात.

पुस्तक सोडून दिलंत? तेही सांगा, पण कुठे आणि का. टाइप बारीक होता, पात्रांच्या नावांचा घोळ झाला, विषयच नकोसा झाला, ही तीन अगदी वेगवेगळी कारणं आहेत आणि पहिल्यावर तर मोठ्या टाइपातली आवृत्ती मिळू शकते.

निघताना वहीत तारीख, प्रकरण आणि एक शंका टिपून ठेवा: पुढे काय होईल असं वाटतंय ते. पुढच्या खेपेला तीच आधी वाचून दाखवायची, चुकली असली तरी. चुकली असली तर जास्तच.