उताऱ्यात कुठंय ते दाखव!

आज भाचीला घेऊन राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या (एमपीएससी) सीसॅटचा, म्हणजे आकलन-बुद्धिमत्तेच्या पेपरचा, उतारा सोडवत बसलो. विषय भूजल, प्रश्न: उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो? दोन पर्याय लगेच कटले. उरले दोन: 'पुरेसा पाऊस पडूनही विहिरी आटू शकतात' आणि 'ठिबक सिंचन हाच यावर उपाय'. पोरगी ठिबकवर अडून बसली. "मामा, आपल्याच शेतात बघ ना!"

म्हटलं, शेतातलं खरंय गं, पण उताऱ्यात ठिबकचं नावतरी आहे का? बोट ठेव. सगळा उतारा पालथा घातला, बोट कुठे टेकेना. मग तोंड वाकडं करून पहिल्यावर गोल केला.

80 प्रश्न, दोन तास, चुकलं की पाव प्रश्नाचे गुण कापले. 33 टक्के मिळवून फक्त पास व्हायचा पेपर म्हणून पोरं याला हातच लावत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. पुढचा उतारा तत्त्वज्ञानाचा निघाला, तो उद्यावर ढकललाय.