तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेपेक्षा सरळ काम का शिकवत नाही?

‘गरीब घरातल्या मुलांना माध्यमिक शाळेत अडकवण्यापेक्षा लवकर एखादं काम शिकवून कमावतं का करत नाही?’ देणगीदार हे विचारतात, पालक विचारतात, कधीकधी शिक्षकही. हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. मात्र हा सल्ला स्वतःच्या मुलाला देणारा देणगीदार मला अजून भेटायचाय.

काम शिकवा, जरूर शिकवा; पण शाळेच्या जागी नको, शाळेसोबत. ज्याला टक्केवारी काढता येत नाही, नकाशावरची मापं वाचता येत नाहीत, त्याला वायरिंगचा छोटा कोर्स दिला तर तो मदतनीस होतो आणि मदतनीसच राहतो.

मग मुलं शाळा का सोडतात? ‘अभ्यासाची गोडी नाही’ हे सगळ्यांना सोयीचं उत्तर. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने आठवीतल्या मुलग्यांना विचारलं होतं, की माध्यमिक शाळा पूर्ण केली तर कमाई किती वाढेल? त्यांचा अंदाज खऱ्या फरकापेक्षा फारच कमी निघाला. साहजिक आहे. शिकून पुढे गेलेला माणूस वस्ती सोडून जातो, मग मुलांना दिसणार कोण? काही शाळांत मुलांना खरे आकडे सांगितले, बस्स, एवढंच. पुढच्या ४ वर्षांत ती मुलं सरासरी ०.२० ते ०.३५ वर्षं जास्त शिकली. पण सर्वांत गरीब घरांतल्या मुलांवर जवळजवळ काही परिणाम झाला नाही. शिक्षणाचा फायदा त्यांनाही पटला होता, घरात पैसे नव्हते. तेव्हापासून ‘प्रेरणादायी व्याख्यान ठेवूया का?’ असं कुणी म्हटलं की मी विषय बदलतो.

अडचण नेमकी हेरली तर फरक पडतो. बिहारने २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. अभ्यासकांनी मोजलं तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेलं होतं, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून ३ किलोमीटरहून लांब असलेल्या गावांतली होती.

नोकरीच्या तयारीचंही तसंच. मुलाखतीत कसं बसावं, टाय कसा बांधावा, यावर शिबिरं होतात. खरी उणीव दोन गोष्टींची: अनुभव नाही आणि ओळख नाही. जर्मनीत शिकाऊ मुलं आठवड्याचे ३-४ दिवस कंपनीत विद्यावेतनावर काम करतात आणि उरलेले दिवस व्यवसाय शाळेत शिकतात. २ ते साडेतीन वर्षांनी परीक्षा, आणि ते प्रमाणपत्र देशभर चालतं. त्यामागे उद्योगसंघ, कामगार संघटना, कायदा असं सगळं उभं आहे, त्यामुळे तो नमुना जसाच्या तसा उचलता येत नाही. ओळखीचा प्रश्न त्या मानाने सोपा. दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रयोगात आधीच्या मालकाचं शिफारसपत्र अर्जाला जोडल्यावर मुलाखतीची बोलावणी चांगलीच वाढली. सुखवस्तू घरांत हे काम काका-मामा एका फोनवर करतात.

तेव्हा पैसे द्यायचे असतील तर शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांतला प्रवासखर्च आणि परीक्षा शुल्क उचला. स्वतःचा व्यवसाय असेल तर सुट्टीत एखाद्या मुलाला किंवा मुलीला विद्यावेतन देऊन ठेवून घ्या, चहा आणायला नव्हे. जाताना सहीशिक्क्याचं पत्र द्या आणि त्यात काय जमलं, काय अजून शिकायचंय, दोन्ही लिहा.