दुधाच्या टेम्पोतून गेलेलं इन्सुलिन

मार्च 2020 चा शेवटचा आठवडा. 25 तारखेपासून देशभर लॉकडाऊन होता. नागपूरच्या गांधीबागेतल्या औषधांच्या बाजाराला परवानगी होती, पण आमच्या ठोक औषधांच्या दुकानाचा माल नेणारी एसटी बंद होती. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची आमची बहुतेक पार्सलं एसटीनं नाहीतर ट्रॅव्हल्सनं जायची. सकाळी फोन केला की संध्याकाळी माल हातात, त्यामुळे तालुक्याचा मेडिकलवाला फारसा साठा ठेवायचाच नाही.

साकोलीहून फोन आला. "भाऊ, इन्सुलिनच्या दोनच व्हायल उरल्या. लोक यून राहिले, काय सांगू त्यायले?"

टाइप 1 मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन तुटलं तर एक-दोन दिवसांतच जिवावर बेतू शकतं. माल आमच्या फ्रीजमध्ये होता; पण शहरातल्या दुकानांच्या ऑर्डरी दुपटीवर गेल्या होत्या, कारण लोक घाबरून घरी साठवत होते. एका मिलीत 40 युनिट असलेली 10 मिलीची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, एकूण 400 युनिटची. रोज 20 युनिट लागणाऱ्याला ती वीस दिवस पुरते. त्यानं एकदम पाच नेल्या, तर दुसऱ्या कुणाचं तरी औषध त्याच्या घरात पडून राहतं.

मी मालकांना म्हटलं, "शेठ, जो आधी मागेल त्याला, असं नको. मागच्या तीन महिन्यांची बिलं काढतो, ज्याच्या त्याच्या सरासरीइतकंच देऊ." शहरातली मोठी दुकानं रोख मोजायला तयार होती, साकोलीवाला उधारीचा. शेठ म्हणाले, "काढ बिलं." त्या एका शब्दासाठी मला त्यांचा आजही अभिमान वाटतो.

आता न्यायचं कसं? तोडगा आमच्या हमालदादांनी काढला. भंडाऱ्याकडून दुधाचे टेम्पो पहाटे नागपुरात येतात आणि रिकामे परततात. दुधाची गाडी नाक्यावर अडवत नव्हते. त्यांनीच ओळखीचा ड्रायव्हर गाठला. इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं, बाहेर नागपूरचं ऊन. पण गोठलं तरी ते वाया जातं, म्हणून थर्मोकोलच्या डब्यात जेल पॅक आणि व्हायल यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घातला. डब्यावर मेडिकलवाल्याचा नंबर, सोबत बिल आणि परवान्याची प्रत. दुपारी साकोलीहून फोन: "भेटलं भाऊ, थंडच हाय." गोदामात सगळ्यांनी तो स्पीकरवर ऐकला.

एसटी सुरू होईपर्यंत त्याच टेम्पोनं लाखनी आणि साकोलीचा माल गेला. गडचिरोलीला मात्र दुधाची गाडी नव्हती. तिकडे पास काढून स्वतःची गाडी पाठवावी लागली, भाडं मालाच्या नफ्याहून जास्त.

आता आम्ही तालुक्याच्या दुकानांना इन्सुलिनची उधारी वाढवून देतो, म्हणजे महिन्याभराचा साठा ठेवता यावा. शेठचे पैसे अडकतात, तरी त्यांनी ते चालू ठेवलंय. पण साठा वाढला की उन्हाळ्यात वीज गेल्यावर धोकाही वाढतो, म्हणून आधी विचारून घेतो: फ्रीजला इन्व्हर्टर आहे ना?