पंपाला हात लावू नये

वार्षिक शटडाउननंतर कारखाना सुरू करताना थर्मिक फ्लुइडचा, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाचा, मुख्य पंप गार असेपर्यंत अगदी शांत चालत होता. पण तेल २०० अंशांच्या वर गेले की त्याचे कंपन वाढत जाई आणि ७.१ मिलिमीटर प्रतिसेकंद ही ठरवून दिलेली मर्यादा गाठताच तो आपोआप बंद पडे. कंपनाच्या आलेखात फिरण्याच्या वेगाच्या दुप्पट वारंवारतेवर उंच रेघ दिसत होती, आणि अशी रेघ दिसली की मोटर व पंप यांचे शाफ्ट एका रेषेत नसावेत हा पहिला संशय येतो. म्हणून आम्ही दोन्ही शाफ्ट जोडणारे कपलिंग उघडले, रेषा मोजायला डायल गेज लावले, मोटरच्या पायाखालच्या शिम म्हणजे पातळ पट्ट्या तपासल्या. सगळे बरोबर होते. तेल पुन्हा तापवले आणि पंप पुन्हा बंद पडला. पुढच्या सगळ्या विभागांचे काम अडले होते. पंपच बदलून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा व्यवस्थापक मला म्हणाले, "नानांना फोन लावा."

नाना म्हणजे आमचे देखभाल विभागाचे निवृत्त फोरमन. १९८४ मध्ये शिकाऊ कामगार म्हणून ते या कंपनीत आले आणि २०२२ मध्ये येथूनच निवृत्त झाले. एकाच ठिकाणी अडतीस वर्षे काढली म्हणजे एकच काम अडतीस वर्षे केले, असा लोकांचा समज असतो. नानांच्या बाबतीत तो साफ खोटा होता. रिलेच्या खडखडणाऱ्या पॅनेलपासून ते संगणकाच्या पडद्यावरच्या नियंत्रणापर्यंत कारखान्याची प्रत्येक पिढी त्यांनी बसवली, चालवली आणि भंगारातही काढली. मी रुजू झालो तेव्हा अभियंता म्हणून माझे पद त्यांच्या वरचे होते, पण बेअरिंगचा आवाज कसा ऐकायचा हे त्यांनीच मला शिकवले. त्यामुळे ते मला आजही "अरे-तुरे" करतात आणि मला ते आवडते.

त्यांनी फोन उचलला आणि पहिल्याच वाक्यात मर्यादा सांगितली. "चार वाजता माझा व्हायोलिनचा तास आहे. तोवर बोलू. मी तिकडे येणार नाही."

क्षणभर मी गोंधळलो. कारखाना बंद आहे हे ऐकल्यावर हा माणूस घरी थांबेल असे मला कधी वाटले नव्हते. पण त्यांच्या आवाजात तुटकपणा नव्हता. उलट ते मन लावून ऐकत होते. आलेखाबद्दल त्यांनी काहीच विचारले नाही. गार असताना पंप बरा चालतो का, आणि शटडाउनमध्ये पाइपचे काम झाले होते का, एवढे दोनच प्रश्न विचारले. दोन्हींचे उत्तर होकारार्थी होते.

"मग पंपाकडे बघू नकोस, वर पाइपकडे बघ. आणि माझी या पंपाची वही काढ, अभिलेखांच्या कपाटात असेल."

निवृत्तीपूर्वीची शेवटची दोन वर्षे नाना दररोज जेवणाच्या सुट्टीनंतर काहीतरी लिहीत बसत, हे सगळ्यांनी पाहिले होते. प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रासाठी त्यांनी स्वतंत्र वही केली होती आणि निवृत्तीच्या दिवशी त्या सगळ्या विभागाच्या नावे रीतसर जमा केल्या होत्या. पुढे देखभालीच्या नोंदी संगणकावर गेल्या आणि वह्या कपाटात राहिल्या. मी या पंपाची वही उघडली. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरांत, पूर्वीच्या एका शटडाउनची नोंद होती: "थंड असताना अलाइनमेंट बरोबर. गरम झाल्यावर कंपन. स्प्रिंग हँगरची पिन काढायची राहिली होती. पंपाला हात लावू नये."

उष्ण पाइप ज्या स्प्रिंगांवर टांगलेला असतो, त्या स्प्रिंगांनी पाइप वाढेल तसे त्याच्याबरोबर सरकायचे असते. दहा मीटर लांबीचा पोलादी पाइप ३० अंशांवरून २५० अंशांवर गेला की सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो. पाइपचा तुकडा बदलताना भार निघून स्प्रिंग उसळू नये म्हणून तिला पिना घालून जखडतात. काम संपल्यावर त्या काढल्या नाहीत, तर वाढणाऱ्या पाइपला हलायला जागाच उरत नाही आणि तो सगळा जोर पंपाच्या तोंडावर काढतो. आम्ही शिडी लावून वर गेलो, तर पंपाजवळच्या हँगरमध्ये पिन तशीच होती, इन्सुलेशनच्या पत्र्याआड झाकलेली. पिन ठोकून काढायची नाही, ती हाताने सुटेपर्यंत हँगरचा नट फिरवायचा, हेही वहीत पुढच्याच ओळीत लिहिले होते. पाइप गार होऊ दिला आणि तसेच केले. रात्री तेल पूर्ण तापले तेव्हा कंपन २.३ वर स्थिर होते.

दुसऱ्या दिवशी नानांना हे कळवले. त्यांनी आकडा पुन्हा विचारून घेतला, मनापासून खूश झाले आणि मग बराच वेळ ते उजव्या मनगटाबद्दल बोलत राहिले, कारण गज तारेवर सरळ चालवणे त्यांना अजून जमत नव्हते. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने मजेत गेले, पण नंतर पाळी बदलण्याच्या वेळी घरात बसवेना, असे त्यांनी सांगितले. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी १९७६ मध्ये निवृत्तीचे जे टप्पे मांडले, त्यांतही सुरुवातीच्या आनंदानंतर भ्रमनिरास येतो आणि मगच नवी घडी बसते. नानांची घडी व्हायोलिनने बसवली. साठीनंतर अगदी पहिल्या धड्यापासून शिकण्याची गोष्टच त्यांना हवी होती.

ब्राझीलच्या वॉल्टर ऑर्थमन यांनी १९३८ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, एका कापड कंपनीत नोकरी धरली आणि २०२२ मध्ये एकाच कंपनीतील ८४ वर्षांच्या सेवेची गिनीजने नोंद घेतली. त्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. नानांचेही कंपनीवर तेवढेच प्रेम होते, पण त्यांनी सुटायचे ठरवले आणि त्यासाठी सेवेत असतानाच दोन वर्षे खपले. जे माहीत होते ते त्यांनी स्वतःजवळ अडवून ठेवले नाही, म्हणूनच त्या दुपारी त्यांना घरी थांबता आले आणि आमचेही अडले नाही, असे मला ठामपणे वाटते.

व्यवस्थापकांनी त्यांना सल्लागाराचे पद देऊ केले. ते त्यांनी नाकारले, मात्र नव्या मुलांसाठी महिन्यातून एक सकाळ देण्याचे कबूल केले. पहिल्या सकाळी मुले पंपाभोवती जमली होती. नानांनी त्यांना तेथून उठवून पाइपखाली नेले, एकेका हँगरच्या पट्टीवरचे गार आणि गरम स्थितीचे आकडे मोठ्याने वाचायला लावले, आणि अकराच्या ठोक्याला, सरावाची वेळ झाली म्हणून, मुलांचे प्रश्न पुढच्या महिन्यावर टाकून निघाले.